मेजरसाहेबांची बाटली

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. कामठीच्या छावणीतल्या जुन्या क्लबात, बारच्या सागवानी काउंटरवर हात ठेवून तशी शपथ घेता येईल.

काउंटर आता तिथे नाही, हा भाग वेगळा. तो सागवानी नव्हताच, शिसवी होता, असंही काही जण सांगतात. क्लब कामठीत नव्हता म्हणणाराही एक जण भेटतो, पण तो पीत नाही. त्याचं काय ऐकायचं?

तर...

"मग त्या बाटलीत व्हिस्की कोणती, तेवढं तरी सांगा."

सौमित्र लांजेवारनं हे विचारलं तेव्हा दिवेलागण व्हायची होती. काउंटरच्या आत उकंडजी नेवारे ग्लास पुसत उभे होते. त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला, त्यातून लांजेवारकडे पाहिलं आणि पुन्हा पुसायला घेतला.

"उकंडजी, मी विचारतोय."

"ऐकून राहिलो."

...

लांजेवार मूळचा भंडाऱ्याचा. मुंबईतल्या एका बड्या हॉटेलच्या बारवर त्यानं नाव काढलं होतं. कॉकटेलच्या देशभरच्या स्पर्धेत पहिला आला होता. त्या रात्री कुणीतरी त्याच्या कानात म्हणालं, "चषक ठीक आहे रे, पण व्हिस्कीचा ओल्ड फॅशन्ड बनवावा तो कामठीच्या उकंडजींनी. आणि ते आता काउंटर सोडणार आहेत."

त्यानं नोकरी सोडली आणि चषक पिशवीत घालून इथे आला.

क्लबाची रीत साधी होती. जाणारा बारवाला आपला नॅपकिन ज्याच्या खांद्यावर टाकेल, तो पुढचा. सेक्रेटरीनं नुसती सही करायची. नॅपकिन कुणाच्याच खांद्यावर पडला नाही, तर बार बंद करून तिथे टेबल टेनिस मांडायचं सेक्रेटरी खोरगडेंच्या मनात होतं.

होळी तोंडावर आली होती. होळी झाली की उकंडजी गावी परत जाणार होते. आणि लांजेवार अजून काउंटरच्या बाहेरच, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलेला होता. आत पाऊल टाकायची त्याला परवानगी नव्हती.

तो रोज बाजूच्या टेबलावर ओल्ड फॅशन्डचा एक ग्लास बनवायचा आणि उकंडजींपुढे ठेवायचा.

"हे पेय निघालं कुठून?" उकंडजींनी विचारलं.

रोजचाच प्रश्न. लांजेवारनं रोजचंच उत्तर दिलं.

"अमेरिकेत. दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या एका वर्तमानपत्रानं कॉकटेल म्हणजे काय ते छापलं. दारू, साखर, पाणी आणि बिटर्स म्हणजे कडू अर्काचे थेंब. संपलं. पुढे बारवाले शहाणे झाले. कुणी त्यात गोड मद्यं ओतली, कुणी फळं कोंबली. जुनी गिऱ्हाइकं वैतागली. टेबलावर हात आपटून म्हणाली, आम्हाला तो जुन्या पद्धतीचा द्या. तेच नाव पडलं. केंटकीतला एक क्लब म्हणतो, ते आमच्याकडे निघालं. पण तो क्लब सुरू व्हायच्या आधीच हे नाव छापून आलेलं आहे."

"पाठ झालं."

"चूक आहे का?"

"चूक काहून असन? पण निघालं ते कामठीत."

लांजेवारनं कपाळाला हात लावला.

"गोऱ्या पलटणीचा एक कर्नल हिवतापानं लोळला," उकंडजी म्हणाले. "वैद्यानं काडेचिराईताचा कडू काढा पाजला. कर्नल थुंकला. वैद्यानं साखर घातली. तरी थुंकला. मंग त्याच्या खानसाम्यानं विचार केला, का हा माणूस थुंकत काय नाही... अन् व्हिस्की घातली."

"ताप उतरला?"

"ताप कोणाले आठवते. तो रोज संध्याकाळी आजारी पडाले लागला."

"याला पुरावा?"

"अमेरिकेत तू होता काय?"

...

"बरं, तुझी अमेरिका खरी धरू," उकंडजी म्हणाले. "तो म्हातारा टेबलावर हात आपटून मागत होता ना? त्याले काय पाहिजे होतं?"

"व्हिस्की, साखर, पाणी, बिटर्स."

उकंडजींनी लांजेवारचा ग्लास उचलला, नाकाखाली धरला, दाराशी गेले आणि तिथल्या क्रोटनच्या कुंडीत ओतला.

हेही रोजचंच. लांजेवार आल्यापासून तो क्रोटन बारच्या दिशेनं तिरपा वाढायला लागला होता. माळी त्याला काठीचा आधार देऊन थकला.

ग्लासात खोट म्हणावी तर काढता येत नव्हती. साखरेची वडी, तिच्यावर बिटर्सचे थेंब, चमचाभर पाणी. साखर पार विरेपर्यंत लाकडी घोटणीनं घोटायचं. मग बर्फाचा एकच मोठा खडा, त्यावर व्हिस्की, आणि लांब दांड्याच्या चमच्यानं सावकाश ढवळायचं. शेवटी संत्र्याच्या सालीचा तुकडा वरून पिळायचा, म्हणजे सालीतलं तेल पेयावर तरंगतं. लांजेवारचा हात एवढा स्थिर होता की ढवळताना बर्फ काचेला लागत नसे.

पहिल्या आठवड्यात त्यानं आपली खास करामतही दाखवली होती. काडी पेटवली आणि तिच्या ज्योतीवर साल पिळली. फुर्रकन ठिणग्यांचा फवारा उडाला. स्पर्धेत याच्यावर टाळ्या पडल्या होत्या.

उकंडजी म्हणाले होते, "नागपुरात शाळेतली पोरं दिव्यावर साल पिळतात. उरलेली एकमेकाच्या डोळ्यात पिळतात. एवढ्यासाठी मुंबईले गेला होता?"

लांजेवार त्या दिवशी लाल झाला, पण गेला नाही. मी हलणार नाही, असं त्यानं स्टुलावर बसल्या बसल्या ठरवलं. उकंडजींनी क्लबातला सगळा क्रोटन पाजून मारला तरी हलणार नाही.

...

तसं न हलायला एक कारण होतं. ते रोज संध्याकाळी काठी टेकत यायचं.

मेजर वैरागडे व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत. त्या टेबलाला चार खुर्च्या होत्या. तीन खुर्च्यांवर बसणारे एकेक करून गेले होते. मेजर त्या खुर्च्या हलवू देत नसत. ते बसले की म्हणत, "उकंड, नेहमीचं."

मग उकंडजी वरच्या फळीवरून एक बाटली काढत. तिला लेबल नव्हतं, काचेचं बूच होतं. तिच्यातून फक्त मेजरांचा ग्लास भरला जाई. उकंडजी साखर घोटत, कडू थेंब टाकत, बर्फ घालत, साल पिळत. लांजेवार करायचा तेच, त्याच क्रमानं. ट्रे लांजेवारच्या स्टुलाजवळून गेला की त्याचं नाक उभं राहायचं.

मेजर ग्लास रिकाम्या खुर्च्यांकडे जरासा उचलत. एक घोट घेत. डोळे मिटत. त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते लांजेवारनं आपल्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे सगळी गंमत त्या बाटलीत होती.

मनुका, ओलं लाकूड, किंचित धूर, आणि मागे कुठल्यातरी रानफुलाचा वास... लांजेवारनं मुंबईच्या मित्रांकडून नाना व्हिस्क्या मागवल्या. अमेरिकेच्या, स्कॉटलंडच्या, जपानच्या. मनुका सापडायची तर धूर हरवायचा. फूल तर कशातच सापडेना.

एकदा मेजर उठून गेल्यावर त्यानं त्यांचा रिकामा ग्लास उचलला आणि तळाशी बोट घातलं. मनगटावर नॅपकिनचा सपकन फटका बसला.

"ठेव."

"नुसतं चाखतोय, उकंडजी."

"मेंबरचा ग्लास मेंबरचा. त्याच्यात काय आहे ते त्याले माहीत अन् बारवाल्याले माहीत. तिसऱ्याले नाही."

"मीही बारवालाच आहे."

"कोणत्या क्लबाचा?"

लांजेवारनं ग्लास ठेवला.

...

होळीच्या आदल्या दिवशी तो लवकर आला. बारमध्ये कुणी नव्हतं. मागच्या अंगणातून नळाचा आवाज येत होता, म्हणून तो मागच्या दारात जाऊन उभा राहिला.

अंगणात तुळस होती. बार उघडण्याआधी उकंडजी तिला रोज पाणी घालत. चपला काढून, कोपरापर्यंत हात साबणानं धुऊन, वेगळ्या तांब्यानं. दारूच्या हातानं त्यांनी तुळशीला कधी शिवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. एकदा व्हिस्कीची बाटली फुटून बाहीवर सांडली, तेव्हा सदरा बदलेपर्यंत ते अंगणात उतरले नव्हते.

आज त्यांच्या हातात तांब्या नव्हता. मेजरसाहेबांची बाटली होती.

बाटली रिकामी होती. उकंडजींनी ती नळाखाली धरली, थोडं पाणी घेतलं, बुचावर अंगठा दाबून खळखळून हलवली.

त्यांच्या पायांत चपला नव्हत्या.

त्यांनी बाटलीतलं पाणी तुळशीला घातलं. शेवटचा थेंब निथळेपर्यंत बाटली उलटी धरली.

लांजेवार दाराला धरून उभा राहिला. मनुका, ओलं लाकूड, धूर... आणि ते फूल. त्याच्या आजोळी, साकोलीकडे, उन्हाळ्यात अंगणभर वाळत घातलेलं असायचं. मोह. दारूचा थेंब नाही, नुसती वाळलेली फुलं पाण्यात भिजवलेली. बहुतेक कोऱ्या चहाचं पाणी, जळक्या गुळाचा रंग. आणि तो व्हिस्क्या मागवत जपानपर्यंत जाऊन आला होता.

"उकंडजी..."

"बोल."

व्हिस्की कोणती, हा प्रश्न इतके महिने त्याच्या ओठांवर होता. तो त्यानं विचारला नाही.

"कधीपासून?"

"मेजर दवाखान्यातून आले तवापासून. छाती चिरली होती त्याह्यची, दारू मना होती. आल्या आल्या म्हणले, उकंड, नेहमीचं. मी त्याह्यचा हात रिकाम्या खुर्चीवर पाह्यला... अन् हे बनवलं."

"त्यांना माहीत आहे?"

"त्याह्यनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

तुळशीखालची माती पाणी पीत होती.

"बाटली रिकामी आहे," लांजेवार म्हणाला. "आज काय देणार?"

"फुलं भिजाले घालायचं राहून गेलं."

राहून गेल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. त्यांनी चपला घातल्या, आत गेले आणि काउंटरची फळी वर उचलून धरली.

"आजचा ग्लास तू बनव."

...

लांजेवार पहिल्यांदा आत उभा राहिला.

हाताच्या अंतरावर सगळ्या बाटल्या होत्या. त्यात त्याची स्वतःची, स्पर्धेत त्याला जिंकून देणारीही होती. व्हरांड्यात काठीचा आवाज आला, खुर्ची सरकली. "उकंड, नेहमीचं."

या पेयाची पारख असलेला एकच माणूस लांजेवारला ठाऊक होता आणि तो पलीकडे बसला होता. त्या माणसानं लांजेवारच्या हातचा थेंबही कधी चाखला नव्हता. सगळं क्रोटनलाच मिळालं होतं. आज बाटली वाकवायची, बस. एक घोट. डोळे मिटले की कळेल आपण कोण ते.

हात बाटलीवर गेला. बूच निघालंही.

उकंडजी भिंतीकडे तोंड करून ग्लास पुसत होते.

लांजेवारनं बूच पुन्हा दाबून बसवलं आणि तो स्वयंपाकघराकडे पळाला.

तिथून त्यानं कोरा चहा आणला, चांगला काळाकुट्ट. आल्याचा तुकडा ठेचून पिळला. दोन मिरे चुरडले. पळीत साखर करपवली, पार काळी व्हायच्या आत काढली. मग साखरेची वडी, तिच्यावर काडेचिराईताच्या पाण्याचे थेंब, आणि घोटणी. बर्फाचा खडा, चहा, आलं, करपलेली साखर... सगळं सावकाश ढवळलं आणि गाळलं. काडी पेटवली नाही. संत्र्याची साल हातानंच सोलली आणि पोरं पिळतात तशी पिळली.

तो ट्रे घेऊन व्हरांड्यात आला, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी सेक्रेटरी खोरगडे उभे होते.

"मेजरसाहेब, तुमच्या सूनबाईंचा फोन होता," खोरगडे म्हणत होते. त्यांचा आवाज पत्ते खेळणाऱ्यांपर्यंत जात होता. "डॉक्टरांनी थेंबसुद्धा नको म्हटलंय म्हणे. उद्या काही झालं तर बोल क्लबाला. आजपासून तुम्हाला दारू बंद. आणि या खुर्च्याही आत हलवतो आहोत."

मेजरांनी शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

खोरगडेंनी ट्रेमधला ग्लास उचलला आणि हुंगला. संत्रं नाकात शिरलं, पाठोपाठ चिराईत. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"यात व्हिस्की आहे का रे?"

पत्ते थांबले.

हो म्हटलं तर ग्लास गेला. नाही म्हटलं तर... सगळा व्हरांडा ऐकत होता. नाही म्हटलं तर मेजरांचा मान गेला.

"साहेब, ग्लास मेंबरचा आहे."

"मी काय विचारलं?"

"ऐकलं, साहेब. मेंबरच्या ग्लासात काय आहे ते बारवाला तिसऱ्याला सांगत नाही."

"बारवाला? तुला कुणी केलं बारवाला?"

"अजून कुणी नाही."

"सही माझी लागते, माहीत आहे ना? नोकरी पाहिजे की नको?"

"पाहिजे."

"मग सांग."

...

"ग्लास मेंबरचा आहे, साहेब."

मेजरांनी हात पुढे केला. खोरगडेंच्या हातातला ग्लास त्यांनी अलगद काढून घेतला. खुर्च्यांकडे जरासा उचलला. घोट घेतला.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते लांजेवारकडे पाहत राहिले.

"लांजेवार."

"जी."

"आज कडक झालंय."

"जी."

"असंच असू दे."

खोरगडे म्हणाले, "मेजरसाहेब, मी सूनबाईंना काय सांगू?"

"सांगा, मेजर नेहमीचंच घेतात." मेजरांनी दुसरा घोट घेतला. "आणि बसायचं असेल तर स्वतःची खुर्ची आणा. या भरलेल्या आहेत."

पत्त्यांच्या टेबलावर कुणीतरी हसलं. खोरगडे टेबल टेनिसबद्दल काहीतरी पुटपुटत निघून गेले.

लांजेवार रिकामा ट्रे घेऊन काउंटरशी आला. सवयीनं बाहेरच्या स्टुलाकडे वळला. मग थांबला.

"उकंडजी, त्यात थेंब नव्हता. तरी ते कडक म्हणाले."

उकंडजी ग्लास पुसत राहिले.

"मला वाटलं, निदान एकदा तरी माझी व्हिस्की त्यांनी..."

आता कबूल करायला हवं. क्रोटन तिरपा नव्हता. सरळ होता आणि कधीचाच वाळून गेला होता. कर्नल आणि त्याचा हिवताप उकंडजींनी बनवलेला, तेव्हा ते पाप त्यांच्या माथी. मोहाची फुलं मात्र सांगणाऱ्याच्या पदरची आहेत, कोरा चहा आणि आलंसुद्धा. त्या बाटलीत आधी काय होतं आणि त्या संध्याकाळी ग्लासात काय होतं, ते लांजेवारनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुळस खरी. खुर्च्या खऱ्या.

आणि उकंडजींनी हातातला ग्लास ठेवला, आपल्या खांद्यावरचा नॅपकिन काढून लांजेवारच्या खांद्यावर टाकला, हेही खरं. त्यावर ते जे म्हणाले, त्यात एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही.

"उद्या लवकर ये. व्हिस्की घालाले शिकवतो."